मक्षिकास्थाने मक्षिका

जुन्या पोथ्यांच्या नकला करून पोट भरणाऱ्या एका लेखनिकाची गोष्ट आपल्याकडे सांगतात. मूळ पोथीच्या एका पानावर एक माशी चिरडून चिकटलेली होती. या गृहस्थाने खटपट करून एक माशी मारली आणि आपल्या प्रतीतही नेमकी त्याच ओळीत, त्याच अक्षरापाशी चिकटवली. अर्थाकडे न पाहता अक्षर पाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हा शेरा येतो तो या गोष्टीमुळे. येथे आम्ही ज्या वादाची हकिगत सांगू इच्छितो त्यातही एक माशी आहे, एक ग्रंथ आहे आणि लेखनिक तर पुष्कळच आहेत. मात्र वाद इंग्लंडातला आहे, माशी पिसांची आहे आणि ती पानावर नव्हे, वाहत्या पाण्यावर ठेवायची आहे.

ट्राउट हा थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. महाराष्ट्रातल्या नद्यांत तो जगणार नाही. भारतात तो आला तोच मुळी इंग्रजांच्या हौसेपोटी, निलगिरीत आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काश्मीरमध्ये, बोटीने आणलेल्या अंड्यांच्या रूपाने. त्याला धरण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली फ्लाय फिशिंग ही रीत अशी की, गळाच्या आकड्यावर रेशीम, लोकर आणि पिसे गुंडाळून किड्याची प्रतिकृती करायची आणि माशाला ती खरी वाटेल अशा बेताने त्याच्यापुढे न्यायची. गांडुळाच्या गळाला शिशाचे वजन लावून तो फेकता येतो. पिसांच्या माशीला वजनच नसते. तेव्हा येथे वजन दोरीला द्यावे लागते, आणि काठीच्या लवचिकपणाने दोरी हवेत उलगडत न्यावी लागते. दोरी माशीला घेऊन जाते, माशी दोरीला नव्हे. मराठीत मत्स्याचा ‘मासा’ झाला आणि मक्षिकेची ‘माशी’ झाली, त्यामुळे या खेळाचे वर्णन करताना वाक्यावाक्यात नकळत यमक जुळते. त्याला आमचा इलाज नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाकडे पाहावे असे आम्हांला वाटते याचे कारण निराळे आहे. इतका पुस्तकांवर जगलेला खेळ दुसरा क्वचितच असेल. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन हा रोमन लेखक ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी लिहितो, आणि मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, कोंबड्याची दोन पिसे लावून ठिपकेदार मासे धरतात, असे नोंदवतो; तेही ऐकीव म्हणून. १४९६ साली लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने शिकारीवरच्या एका मोठ्या ग्रंथाला गळाने मासे धरण्याचा एक छोटा निबंध जोडला. त्यात मार्च ते ऑगस्ट या महिन्यांसाठी बारा माश्या सांगितल्या आहेत. हा निबंध ज्युलियाना बर्नर्स नावाच्या विदुषीने लिहिला अशी परंपरा आहे. परंपरेला पुरावा नाही. तिचे नाव आधीच्या आवृत्तीतल्या शिकारीच्या भागाशी जोडलेले आहे, मासेमारीच्या निबंधाशी नव्हे. पण आम्हांला त्यातली दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. हा निबंध वेगळी स्वस्त पुस्तिका म्हणून न काढता मोठ्या ग्रंथात का घातला, याचे कारण शेवटी दिले आहे : छोटी पुस्तिका कोणाही रिकामटेकड्याच्या हाती पडेल आणि तो अविचाराने मासे संपवील. विद्या छापायची, पण कोणी वाचावी हे पुस्तकाच्या किमतीने ठरवायचे. अधिकारभेदाची ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही.

आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ (१६५३) सर्वांना ठाऊक असतो, निदान नावाने. राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षे झालेल्या देशात एका राजनिष्ठ माणसाने नदीकाठची शांतता लिहिली, म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. तथापि माश्यांबद्दलचे त्याचे ज्ञान बरेचसे टॉमस बार्करच्या पुस्तकातून उचललेले होते. आणखी मौज म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याला १५७७ सालच्या एका संवादरूप पुस्तकाची एकुलती एक प्रत सापडली; त्यात बोलणाऱ्यांची नावे पिस्केटर आणि व्हिएटर अशी निघाली, म्हणजे वॉल्टनच्या पहिल्या आवृत्तीतल्या पात्रांचीच. वाङ्मयचौर्याचा खटला येथे भरवण्याची आमची इच्छा नाही. या परंपरेत एक पुस्तक दुसऱ्यातून निघते आणि नदी पुष्कळदा मागाहून येते, एवढेच ध्यानात ठेवावे. वॉल्टनच्या पाचव्या आवृत्तीला (१६७६) त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने माशीने ट्राउट धरण्याविषयी स्वतंत्र भाग जोडला, आणि तो मात्र डव्ह नदीच्या काठावर उभा राहून लिहिलेला आहे.

आता मुख्य कथेकडे वळू. दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात टेस्ट आणि इचेन या दोन नद्या आहेत. तिथली जमीन खडूच्या दगडाची आहे. पावसाचे पाणी त्या दगडात मुरते, जमिनीखाली महिनोन्‌महिने राहते आणि झऱ्यांवाटे बाहेर येते. त्यामुळे या नद्यांना पूर सहसा येत नाही, उन्हाळ्यात त्या फारशा आटत नाहीत आणि पाणी काचेसारखे नितळ असते. तळाशी पाणवनस्पतींचे गालिचे असतात, आणि त्यांत मेफ्लाय कुळातले कीटक अगणित. या कीटकाचे आयुष्य पाण्याखाली जाते. तिथे त्याच्या अवस्थेला निंफ म्हणतात. मग एखाद्या दिवशी तो वर पोहत येतो, पाण्याची त्वचा फोडतो, कात टाकतो आणि पंख उभारून क्षणभर पृष्ठभागावर तरंगतो. तिथून उडून तो काठावरच्या झुडपात पुन्हा एकदा कात टाकतो. प्रौढ झाल्यावर त्याला खायला तोंड उरत नाही; काही तास किंवा फार तर काही दिवस, समागम, अंडी आणि मरण. पाण्यावर तरंगण्याच्या त्या अल्प क्षणात ट्राउट त्याला गिळतो, आणि पाण्यावर एक वलय उमटते. हे वलय म्हणजे सगळ्या वादाचे मूळ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माशी सामान्यतः पाण्यात बुडवूनच वापरीत. ती पृष्ठभागावर तरंगती ठेवायची, म्हणजे ‘कोरडी माशी’, ही कल्पना शतकाच्या उत्तरार्धात पसरली, आणि ती पसरण्यामागे अवजारे होती. तेल पाजलेली जड रेशमी दोरी आली, तासलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली ताठ काठी आली. आता वाऱ्याविरुद्ध फेक जमू लागली आणि हवेत दोन-चार वेळा दोरी झुलवून माशी वाळवता येऊ लागली. नेढे असलेला बारीक गळ आला. या गळाच्या सुधारणेत ज्याने मोठा वाटा उचलला तो हेन्री सिंक्लेअर हॉल हा क्लिफ्टन कॉलेजमधला गणिताचा शिक्षक. ‘हॉल आणि नाइट’ यांच्या बीजगणिताने ज्यांच्या वडिलांची वा आजोबांची झोप उडवली असेल त्यांनी हे जाणून घ्यावे की, तोच हा हॉल. वर्गसमीकरणांतून वेळ काढून तो गळाला नेढे पाडीत होता.

फ्रेडरिक हॅल्फर्ड (१८४४–१९१४) हा कापडाच्या धंद्यात संपन्न झालेल्या ज्यू घराण्यातला. १८७९ साली विंचेस्टरमधल्या मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात त्याची जॉर्ज सेल्विन मॅरिएट याच्याशी गाठ पडली. मॅरिएट हा त्या काळचा सर्वांत निष्णात समजला जाणारा माणूस, पण लिहिण्याची हौस त्याला नव्हती. दोघांनी मिळून वर्षानुवर्षे कीटक पकडले, रंग ताडून पाहिले, माश्या बांधल्या. १८८६ साली ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टु ड्रेस देम’ हा ग्रंथ आला तेव्हा हॅल्फर्डने सहलेखक म्हणून मॅरिएटला नाव देऊ केले, आणि मॅरिएटने ते नाकारले. मुखपृष्ठावर एकच नाव राहिले. त्यात नव्वद माश्यांची हातांनी रंगवलेली चित्रे आहेत. १८८९ साली ‘ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस’ आले. त्याच साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हॅल्फर्डने धंदा सोडला.

त्याची पद्धत सुंदर आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. आधी मासा दिसला पाहिजे. तो वर येऊन खात असला पाहिजे. तो काय खातो आहे ते ओळखले पाहिजे. त्या कीटकाची हुबेहूब प्रतिकृती बांधली पाहिजे. मग माशाच्या मागून, प्रवाहाच्या उलट दिशेने ती अशी टाकायची की, ती त्याच्या वर थोडी उतरावी आणि खऱ्या कीटकासारखी सहज वाहत यावी. दोरीच्या ओढीने ती पाण्यावर किंचितही घसटली की खेळ संपला. निरीक्षण, वर्गीकरण, प्रयोग : ही डार्विननंतरच्या इंग्लंडची भाषा आहे. तळे-ओढे विंचरणाऱ्या आंधळ्या मासेमारीच्या तुलनेत ही दृष्टी होती, यात शंका नाही.

हॅल्फर्डने माशाचे पोट फाडून आतले अन्न तपासण्यावर एक प्रकरणही लिहिले आहे. म्हणजे ट्राउटच्या पोटात पंख फुटलेल्या कीटकांपेक्षा पाण्याखालचे जीवच भरपूर सापडतात, हे त्याला पुरेपूर माहीत होते. पण निंफच्या हालचालीची नक्कल माणसाला साधणार नाही असे त्याचे मत पडले, आणि तो विषय त्याने सोडून दिला. १८९६ मध्ये मॅरिएट वारला. त्यानंतरच्या हॅल्फर्डचा सूर आम्हांला हळूहळू बदललेला दिसतो. पूर्वी ओल्या माशीविषयी तो सहिष्णु होता; इतर नद्यांवर ती रीत योग्य, असे म्हणे. १९१० च्या पुस्तकात त्याने नव्वदांऐवजी तेहतीस माश्या ठेवल्या आणि उरलेल्या जणू गरजेच्याच नाहीत अशी भाषा आली. शोधकाचा स्मृतिकार झाला. अनुयायी तर एक पाऊल पुढे गेले. खडूच्या नदीवर बुडालेली माशी वापरणे हे कमी कौशल्याचे आहे, इथपर्यंत ठीक होते. ते अशिष्ट आहे, असे ठरले. आपल्याकडे ओलेत्याने केलेले सोवळे अधिक कडक मानतात. हॅम्पशरचे सोवळे कोरडे होते, एवढाच फरक.

जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज (१८५८–१९४९) हा लंडनमधला वकील, अविवाहित, बारीकसारीक तपशिलांत रमणारा. तो १८८३ पासून विंचेस्टरजवळ ॲबट्स बार्टन येथे इचेनवर मासे धरीत असे, आणि हॅल्फर्डची पुस्तके त्याने भक्तिभावाने वाचली होती. वकिलाला मात्र एक वाईट सवय असते : कायदा वाचून झाला की तो पुरावा मागतो. १८९२ मधल्या एका दिवशी त्याची कोरडी माशी ओली होऊन बुडाली आणि तरंगत्या माशीला दाद न देणाऱ्या माशांनी बुडालेली घेतली. दुसऱ्याने याला अपघात म्हणून सोडले असते. स्क्यूज अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा करीत राहिला. हाडातला मगज काढण्याच्या लांबट चमच्याने तो माशाच्या पोटातला ऐवज काढी, पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात तो पसरी आणि पाही. निष्कर्ष असा निघाला की, पाण्यावर उमटणारी पुष्कळशी वलये वरची माशी घेतल्याची नसतातच. वर येणारा निंफ पृष्ठभागाच्या जरा खाली गिळल्याची असतात. नदीच्या पृष्ठभागावर लिहिलेली एकच खूण, आणि तिचे दोन अर्थ. सगळी पिढी एकच अर्थ वाचत होती.

१९१० साली त्याचे पुस्तक आले. नाव ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’. म्हणजे डावपेच, आणि तेही गौण. या विनयात वकिली आहे असे आम्हांला वाटते : हॅल्फर्डचे राज्य अबाधित आहे, आम्ही फक्त एका कोपऱ्यातली पडीक जमीन मागतो आहोत. नियतकालिकांत तो अनेक टोपणनावांनी लिही, त्यांतले एक ‘सीफोर्थ अँड सोफोर्थ’. हॅल्फर्ड ‘डिटॅच्ड बॅजर’ या नावाने लिहीत असे. दोघांच्या भेटीचा एक प्रसंग सांगितला जातो. हॅल्फर्डने स्क्यूजला सुनावले की, तू लिहितोस त्या रीतीने इचेनवर मासे धरताच येत नाहीत. स्क्यूज म्हणाला, पण मी धरले आहेत. शब्दप्रामाण्य आणि प्रत्यक्षप्रामाण्य यांचा झगडा इतक्या थोडक्यात क्वचितच उरकला असेल.

स्क्यूजचे सर्वांत मर्मभेदी उत्तर मात्र युक्तिवादात नाही, एका छोट्या कथेत आहे. थिओडोर कास्टवेल नावाचे कोरड्या माशीचे अभिमानी गृहस्थ मरण पावतात. डोळे उघडतात ते एका अप्रतिम नदीच्या काठावर. नदीराखा उभा आहे, उत्तम काठी हातात देतो आहे. पहिल्याच फेकीला देखणा ट्राउट लागतो. दुसरा त्याच जागी वर येतो, तोही लागतो, तेवढ्याच वजनाचा. मग तिसरा. गृहस्थांना पुढच्या वळणाकडे जायचे आहे. नदीराखा सांगतो, आधी इथला संपवा. इथला संपत नाही. कायम हेच का, असे विचारल्यावर होकार येतो, आणि आपण स्वर्गात नाही हे गृहस्थांच्या ध्यानात येते. नियम कायम ठेवून त्यातली अनिश्चितता तेवढी काढली, की नरक तयार. इंग्रजी लघुकथेच्या संग्रहांत ही कथा का दिसत नाही, हे आम्हांला पडलेले एक कोडे आहे. मासेमारीची म्हणून ती मासेमारांकडेच राहिली.

वाद मिटला नाही. हॅल्फर्ड १९१४ साली गेला; त्यानंतर त्याचे ग्रंथ अधिकच कडक झाले, कारण आता ते दुरुस्त करायला ग्रंथकार उरला नव्हता. १० फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात खडूच्या नद्यांवर निंफ वापरावी की नाही, यावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज एकोणऐंशी वर्षांचा होता. विरुद्ध बाजूला सर जोसेफ बॉल होते, हुजूर पक्षाच्या प्रचारयंत्रणेचे सूत्रधार आणि पंतप्रधान चेंबरलेन यांचे निकटवर्ती. दहाच दिवसांनी इटलीशी बोलणी करण्याच्या प्रश्नावर परराष्ट्रमंत्री ईडन यांनी राजीनामा दिला. त्या पडद्याआडच्या बोलण्यांतही बॉल यांचा हात होता. युरोप पेटण्याच्या बेतात असताना ही माणसे बुडालेल्या पिसाच्या नीतिमत्तेवर भांडत होती, असे म्हणून हसण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. आपल्या साहित्यसंमेलनांचे विषय आणि त्यांची साले एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिली म्हणजे हा मोह आपोआप आवरतो.

शिवाय विरोधकांचे म्हणणे सगळेच पोकळ नव्हते. निंफला लहान, अजून न वाढलेले मासे अधिक लागतात, ही त्यांची व्यवहारातली तक्रार होती. दुसरा मुद्दा खोल होता. नदी लहान, मासे मोजके, धरणारे पुष्कळ; तेव्हा सर्वांनी आपल्यावर एक अवघड अट लादून घेतली तरच खेळ टिकेल. छंदोबद्ध लिहिणाऱ्या कवीला ही अट समजू शकते. वृत्त हे बंधन आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. पण वृत्तात लिहिणारा जोवर ‘ही माझी निवड’ असे म्हणतो तोवर तो कवी असतो. मुक्तछंद लिहिणाऱ्याला तो मंडळातून काढू लागला की प्रश्न काव्याचा राहत नाही. ॲबट्स बार्टनच्या सहसभासदांना स्क्यूजची निंफ खपेनाशी झाली होती. ज्या पाण्यावर त्याने पन्नासहून अधिक हंगाम घालवले ते पाणी १९३८ च्या हंगामानंतर त्याने सोडले. पुढच्याच वर्षी, वयाची ऐंशी उलटल्यावर, ‘निंफ फिशिंग फॉर चॉक स्ट्रीम ट्राउट’ हे पुस्तक त्याने प्रसिद्ध केले. या वेळी नावात ‘गौण’ हा शब्द नाही.

येथवरच्या हकिगतीत व्यापारी आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, राजकारणी आहेत. नदीवर रोज असणारा माणूस, पाणवनस्पती कापणारा, काठ बांधणारा, माशांची राखण करणारा नदीराखा, या पुस्तकांत येतो तो स्क्यूजच्या कथेतल्यासारखा, दुसऱ्याच्या हाती काठी देण्यापुरता. १४९६ च्या निबंधाने ज्याच्या हाती पुस्तक पडू नये म्हणून काळजी घेतली होती, जवळजवळ तोच हा माणूस. विल्टशर परगण्यातल्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) हा असाच नोकरदार नदीराखा होता, १९२८ पासून लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी मंडळाच्या चाकरीत. उतारवयातल्या स्क्यूजशी त्याचा पत्रव्यवहार जुळला आणि लिहिण्याचे उत्तेजन त्याला तिथून मिळाले. १९५२ साली ‘कीपर ऑफ द स्ट्रीम’ आणि १९५८ साली ‘निंफ्स अँड द ट्राउट’ ही त्याची पुस्तके आली.

स्क्यूजच्या निंफला पिसाचे पाय होते. हॅल्फर्डचा वारसा त्यालाही पूर्ण टाकता आला नव्हता. सॉयरने पाण्यात वाकून पाहिले की, पोहताना निंफ आपले पाय अंगाशी घट्ट धरते. त्याने पाय काढून टाकले. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे काही तंतू आणि बांधायला रेशमाऐवजी तांब्याची बारीक तार, एवढेच साहित्य. तारेने बांधणीही होई आणि माशी बुडण्यापुरते वजनही मिळे. तिच्यात ना नेमका रंग, ना डोळे, ना पंख. फक्त आकाराची एक सूचना. आज जगभरच्या ट्राउटच्या पाण्यावर ही माशी वापरतात. खडूच्या काही नद्यांवर अजूनही ती जुलै उजाडेपर्यंत चालत नाही. सॉयर ती बोटांतच बांधी, शिकंजाही वापरीत नसे.